पडद्यावरचं ‘नाही’

(आठ मार्चच्या निमित्ताने झालेल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

संयोजक मैत्रिणींनी मला विषय दिला, ‘सिनेमातल्या माझ्या आवडत्या स्त्री-भूमिका’. एरवी मला पोटगी, रेशन, मारहाण, पोलीस ठाणं यांवरच बोलायला बोलावतात. त्यामुळे हा गोड विषय मिळाला म्हणून मी खूश झाले. मग घरी यादी करायला बसले. यादी झाल्यावर लक्षात आलं की मला आवडलेल्या बहुतेक भूमिकांत बाई कधी ना कधी ‘नाही’ म्हणते. कुणी ओरडून म्हणते, कुणी गप्प राहून म्हणते, एकीला ते म्हणताच येत नाही. त्यामुळे आजचं बोलणं अभिनयाबद्दल आहे तसंच या ‘नाही’बद्दल आहे. ते कुणाला म्हटलं, पुढे काय झालं आणि त्याची किंमत कुणी भरली, हे मला तुमच्याबरोबर तपासून पाहायचं आहे.

मी काही समीक्षक नाही. मला सिनेमा पाहायला शिकवलं ते सोलापुरातल्या विडी कामगार बायकांनी. १९८०च्या दशकात आमचा गट भाड्याने व्हीसीआर आणि टीव्ही आणायचा आणि वस्तीत सिनेमा दाखवायचा. नंतर चर्चा. बायका यायच्या त्या सूप घेऊनच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पानं, बोटाशी दोरा. हजार विड्या झाल्याशिवाय मजुरी हातात पडत नाही, मग सिनेमासाठी दोन तास कोण मोकळे ठेवणार? डोळे पडद्यावर आणि बोटं विडीवर. सुरुवातीला मला वाटायचं, यांचं लक्ष नाही. हळूहळू कळलं की एखाद्या प्रसंगाला सगळ्यांचे हात एकदम थांबतात. कुणी काही बोलत नाही, विडी अर्धी वळलेली तशीच राहते. आमच्या चर्चेत जे यायचं नाही ते त्या थांबलेल्या हातांत असायचं. तेव्हापासून माझी अभिनयाची कसोटी तीच आहे.

पहिली भूमिका मात्र वस्तीतली नाही, माझ्या आईची आहे. ‘कुंकू’मधली शांता आपटे. प्रभातचा हा चित्रपट १९३७चा, व्ही. शांताराम यांचा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. आईने तो पुष्कळ वर्षांनी, पुन्हा लागला तेव्हा, शेजारणींबरोबर पाहिला. देवळात जाते असं सांगून गेली होती. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. अनाथ नीरेला मामा पैसे घेऊन एका म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतो. लग्न लागतं, पण नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. खोलीचं दार लावून घेते. घरातला मोठा सावत्र मुलगा अंगचटीला येऊ लागतो तेव्हा त्याला छडीने फोडून काढते.

शांता आपटेंच्या कामात मला आवडतं ते हे की ही मुलगी दुःखी असली तरी दीनवाणी नाही. तिचे डोळे खाली जात नाहीत. पार्श्वसंगीत त्या सिनेमात नाहीच. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज आणि तिचं बोलणं एवढंच. रडवणारं सनईबिनई काही मदतीला नसताना ती एकटी उभी राहते. माझ्या आईचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, दोघांच्या वयात पंधरा वर्षांचं अंतर. ती त्या सिनेमाबद्दल फार बोलली नाही. एकदाच, भाजी निवडताना म्हणाली, “मला तिची छडी आठवते गं.” आणि पुढची जुडी घेतली.

आता किंमत. सिनेमात नीरेची सुटका होते, पण कशी? म्हातारा नवरा पश्चात्तापाने स्वतःचा जीव देतो. त्याच्या मरणाशिवाय तिला दार उघडत नाही. आम्ही पूर्वी यावर टीका करायचो की दिग्दर्शकाने पळवाट काढली. पण १९३७ साली नीरा करणार तरी काय होती? मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली, आणि देशभर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने. ती ‘नाही’ म्हणू शकत होती, पण त्या ‘नाही’ला जायला रस्ता नव्हता. पडद्याबाहेर मात्र शांता आपटेंनी आपला रस्ता शोधला. १९३९ साली, ज्या प्रभातने त्यांना नाव दिलं त्याच कंपनीच्या फाटकाशी त्या करारावरून उपोषणाला बसल्या. पुढे सिनेमातल्या बाईच्या कामाबद्दल ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तकही लिहिलं. नटी ही कामगार आहे, हे सांगायला त्यांना कुठल्या शिबिराला जावं लागलं नाही.

दुसरी भूमिका सुलभा देशपांडे यांची, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे. विजय तेंडुलकरांचं हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली केलं. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली त्याचा सिनेमा केला. दोन्हीकडे बेणारे सुलभाताईच. नाटकाचा प्रयोग करायला गावात आलेली मंडळी वेळ जावा म्हणून खोटा खटला खेळतात. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभं करतात आणि बघता बघता खेळ खरा होतो. बाई शिक्षिका, बिनलग्नाची, पोटात मूल. ज्याचं मूल तो प्राध्यापक हजरच नाही. बाकीचे सगळे न्यायाधीश.

हा सिनेमा मी कितीतरी वेळा पाहिला. दरवेळी मला भीती वाटते ती सुरुवातीच्या हसण्याची. सुलभाताईंची बेणारे आधी खूप हसते, चिडवते, गाणं गुणगुणते, वर्गातल्या पोरांच्या गोष्टी सांगते. पहिल्यांदा पाहताना वाटतं, काय मोकळी बाई आहे. दुसऱ्यांदा पाहताना कळतं की हे हसणं म्हणजे कुंपण आहे, आणि ती ते रोज नव्याने बांधते. पुढे ती जवळजवळ गप्प होते आणि शेवटी तिला बोलायला काही सेकंद दिले जातात. तेव्हा जे ती बोलते ते तिच्याभोवतीच्या कुणालाही ऐकू जात नाही. आपणच तेवढे ऐकतो. तिचं ‘नाही’ म्हणजे असं न ऐकलं गेलेलं ‘नाही’. शिक्षा काय, तर बाईने जगावं पण गर्भ नष्ट करावा. नोकरी तर आधीच गेलेली.

योगायोग पाहा, ज्या १९७१ साली हा सिनेमा आला त्याच वर्षी संसदेने गर्भपाताचा कायदा केला. पण त्यात गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण लिहिलं ते ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ यांच्यापुरतं. बेणारे त्या वाक्यात बसत नव्हती. १९८८ साली आमच्या केंद्रात अशीच एक मुलगी आली. वीस वर्षांची, बिनलग्नाची. तिला घेऊन मी एका दवाखान्यात गेले. तिथे टेबलामागून विचारलं, “नवऱ्याची सही?” कायद्यात नवऱ्याची सही कधीच नव्हती. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी होती, आजही आहे. मी ते सांगितलं. मग त्यांनी त्या मुलीला असे प्रश्न विचारले की मला सारखा तो सिनेमा आठवत राहिला. ती हसत होती हो! घाबरलेली मुलगी उत्तरं देताना हसत होती. सुलभाताईंनी ते हसणं कुठे पाहिलं असेल, असं मला वाटलं. कायद्यात ‘विवाहित’ हा शब्द बदलून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं झालं ते २०२१ साली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच हक्क असल्याचं सांगितलं. बेणारेबाईंनंतर पन्नास वर्षांनी. पण टेबलामागचे प्रश्न बदलले का, हे तुम्ही आपापल्या गावात विचारून पाहा.

तिसरी भूमिका सगळ्यांच्या यादीत असते. ‘उंबरठा’मधली स्मिता पाटील. डॉ. जब्बार पटेल, १९८२. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा सिनेमा. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली सून. नवरा वकील, सासू समाजकार्यात पुढारी, एक लहान मुलगी रानी. सुलभाला शिक्षणाचा उपयोग करायचा आहे. ती दूरच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तिथला भ्रष्ट कारभार, कमिटीचं राजकारण, दाबून टाकलेल्या बायका. ती लढते आणि हरते. परत येते तर नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत, आणि ते तो शांतपणे सांगतो. ती पुन्हा घर सोडते.

त्या प्रसंगात स्मिताचा चेहरा आठवा. ती आकांडतांडव करत नाही. आधी ऐकते, मग समजून घेते, मग काहीतरी ठरवते. हे तिन्ही आपल्याला तिच्या डोळ्यांत दिसतं. आमच्या गटातल्या सगळ्याजणी त्या चेहऱ्यावर फिदा होतो. मी तर जास्तच, कारण मी तेव्हा पूर्णवेळ कार्यकर्ती म्हणून नुकतीच घराबाहेर पडले होते.

विडी कामगारांच्या वस्तीत आम्ही ‘उंबरठा’ दाखवला. शेवटी ती निघते तेव्हा मी टीव्हीकडे पाठ करून बायकांकडे पाहत होते. हात चालूच! एकही थांबला नाही. मी हिरमुसले. हात थांबले होते ते आधी, परत आलेल्या आईपाशी रानी मोकळेपणाने येत नाही, काकूलाच बिलगते, तेव्हा. चर्चेत मी उंबरठा, स्वातंत्र्य वगैरे बोलले. एक तेलुगू अक्का ऐकून घेत होती. विडी बांधता बांधता म्हणाली, “बाई, तिच्या ‘नाही’ला पगार हाय. आन तिच्या लेकराला बघायला जाऊ हाय. मी निघाली तर माझं लेकरू कोण बघणार? तू?”

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते फारसं खरं नसणार.

आता जे सांगणार आहे ते मी आजपर्यंत कुठल्याच व्यासपीठावर सांगितलेलं नाही. माझी मुलगी चार वर्षांची असताना मी दोन वर्षं जिल्ह्याबाहेर काम केलं. पंधरा दिवसांनी घरी यायचे. मुलगी माझ्या जाऊबाईंकडे होती. त्यांनी तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, गोवर निघाला तेव्हा रात्री जागल्या. जाऊबाई सातवी शिकलेल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला हे करायचं आहे का. मीही नाही. मी माझ्या भाषणांत सासरच्यांचा विरोध सांगितला, नवऱ्याची कुरकुर सांगितली, माझी जिद्द सांगितली. जाऊबाईंचा उल्लेख एकदाही केला नाही. परवा मुलीने ‘उंबरठा’ मोबाइलवर पाहिला आणि मला फोन केला. ती आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे. म्हणाली, “आई, सगळे सुलभाबद्दल बोलतात. रानीला काय वाटलं ते कुणी विचारलंच नाही ना?” मग जरा थांबून म्हणाली, “आणि काकूला?”

मला पुन्हा तेच वय मिळालं तरी मी जाईनच. तेवढं मी स्वतःला ओळखते. पण माझ्या ‘नाही’ची किंमत माझ्या एकटीने भरलेली नव्हती, हे मला मान्य करायला चाळीस वर्षं लागली. स्मिताच्या अभिनयाचं मोठेपण यात आहे की तिच्या चेहऱ्यावर ते ओझंही आहे. आम्हीच त्यातली जिद्द तेवढी पाहिली. स्मिता गेली १३ डिसेंबर १९८६ला, अवघी एकतीस वर्षांची, बाळंतपणानंतर काही दिवसांत. तिची मोठ्या वयातली कामं पाहायची राहूनच गेली.

चौथी भूमिका ‘नाही’ म्हणता न आलेल्या बाईची. ‘दोघी’, १९९५. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. गौरीचं लग्न ठरतं आणि लग्नाच्या दिवशीच नवरा मुलगा अपघातात मरतो. मुलगी पांढऱ्या पायाची ठरते, बाप खचतो, घर उपासमारीला लागतं. मग मामा तिला मुंबईला नेतो. तिथे तिला काय करावं लागतं ते आईला कळतं, आणि येणाऱ्या पैशांवर घर चालतं. धाकटीच्या, कृष्णाच्या लग्नाला गौरी येते तेव्हा तीच आई तिला घरात दूर ठेवते. गौरी रेणुका दफ्तरदार, कृष्णा सोनाली कुलकर्णी. दोघींचंही काम फार खरं आहे. पण माझी आवडती भूमिका आईची, उत्तरा बावकरांची.

त्या आईचा राग येतो. यायलाच हवा. पण उत्तराताई तिला दुष्ट होऊ देत नाहीत. मुलीशी कठोर बोलतानाही त्यांची मान ताठ होत नाही, आतून आवळल्यासारखी राहते. जिच्या जिवावर चूल पेटते तिच्याच हाताचा विटाळ मानायचा, हा व्यवहार त्या बाईने ठरवलेला नाही. तो गावाने ठरवला आणि राबवायचं काम तिच्यावर टाकलं. आपल्या केंद्रांत सासवा येतात, आया येतात, ‘बाईच बाईची वैरी’ असं तावातावाने बोललं जातं. असं कुणी बोललं की मी ‘दोघी’ दाखवायला सांगते. हा सिनेमा आम्ही वस्तीत दाखवला तेव्हा हात बराच वेळ थांबले होते. चर्चा मात्र झाली नाही. दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. मागाहून कळलं, त्यांच्यातल्या एकीची मुलगी मुंबईला होती.

शेवटच्या दोन भूमिका एकाच सिनेमातल्या. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, २०१४. एका लोकशाहिरावर खटला भरतात की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. सरकारी वकील आहे नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी. ती कोर्टात कायद्याची कलमं एकसुरी आवाजात, भराभर वाचत जाते. त्यात १८७६चा नाट्यप्रयोगांवरचा कायदासुद्धा येतो. मग लोकलच्या बायकांच्या डब्यात साडीच्या आणि तेलाच्या गप्पा, वाटेत मुलाला घेणं, घरी येऊन स्वयंपाक, सगळ्यांना वाढणं. अगदी आपल्यातली बाई. नोकरी आणि घर दोन्ही ओढणारी, आपल्या प्रत्येक पत्रकात असते तशी. आणि हीच बाई एका निरपराध माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी रोज मन लावून काम करते, तेही कुठल्याही द्वेषाशिवाय. गीतांजली कुलकर्णींनी तिला खलनायिका केलं नाही, म्हणून ती जास्त टोचते. बाई कमावती झाली, उंबरठा ओलांडला, पुढे काय? ती कुणाच्या बाजूने उभी राहणार? ‘कुंकू’च्या काळात हा प्रश्न आपल्याला पडलाही नसता.

त्याच कोर्टात मेलेल्या कामगाराची विधवा साक्षीला येते. ही भूमिका उषा बाने यांनी केली आहे. तिला नवऱ्याचं वय सांगता येत नाही. तो दारू पिऊन गटारात उतरायचा, कारण त्याशिवाय ती घाण सहन होत नसे. आत हवा आहे का ते पाहायला आधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर उतरायचा. विषारी वायूने एक डोळा गेला होता. हे सगळं ती बाजारभाव सांगावा तसं सांगते. आवाज कापत नाही. हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात माणसं मरतच आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. साक्ष झाल्यावर बचावाचा वकील तिला आपल्या गाडीतून सोडतो आणि पैसे देऊ करतो. ती घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते.

मैत्रिणींनो, माझ्या यादीतलं हे सगळ्यात लहान ‘नाही’ आहे. त्यामागे पगार नाही, जाऊ नाही, शिक्षण नाही. ती नकार देते आणि त्याच दमात पुढचं मागते, काम. त्या वस्तीतल्या अक्काने मला विचारलं होतं की माझं लेकरू कोण बघणार, तू? तो प्रश्नही खरं म्हणजे मागणीच होती. पाळणाघर मागत होती ती. मी तिला स्वातंत्र्यावर भाषण दिलं.

म्हणून शेवटी एवढंच सुचवते. गटात सिनेमा जरूर दाखवा. आता व्हीसीआर भाड्याने आणावा लागत नाही. पण दाखवल्यावर लगेच ‘यातून काय बोध घेतला’ असं विचारू नका. नायिका घराबाहेर पडली तर तिच्यामागे भाकरी कोण थापतं, लेकराला कोण घेतं, आणि त्या बाईला कुणी विचारलं होतं का, हे विचारा. आणि सिनेमा चालू असताना एकीने पडद्याकडे पाठ करून बसावं, बायकांचे हात कुठे थांबतात ते पाहावं. चर्चा तिथून सुरू करावी.

माझ्या जाऊबाई आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. हे भाषण छापून आलं की अंक त्यांना वाचून दाखवणार आहे. त्या काय म्हणतील ते माहीत नाही. ‘आता सुचलं होय?’ असं म्हणाल्या तर त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुमच्या याद्या ऐकायच्या आहेत. मी थांबते.